टँकर, बोअर आणि महापालिकेचं पाणी एकाच टाकीत येत असेल तर: आरओ, यूव्ही की सॉफ्टनर?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून लिहिता येईल. वाघोलीत दोन बीएचके फ्लॅट, घरात चार माणसं. सोसायटीच्या खालच्या टाकीत महापालिकेचं थोडं, टँकरचं बरंच आणि बोअरचं उरलेलं असं पाणी एकत्र होतं. मशीनवाल्याने मे महिन्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ६४० दाखवला, पाण्यात दोन सळ्या बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवला आणि 'नऊ स्टेज'चं आरओ (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षारही काढणारं मशीन) सुचवलं. दुसऱ्याने पूर्ण घरासाठी सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम, काढणारा) सांगितला. गिझरची कॉइल दीड वर्षात गेली आहे, नळावर पांढरा थर बसतो, केस गळतात. शिवाय आईवडील दर्यापूरजवळच्या गावात राहतात, त्यांच्यासाठी हेच मशीन चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

यात एक नाही, तीन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही दिवसाला पिण्या-स्वयंपाकाला जे वीसेक लिटर पाणी घेता त्याचा एक. अंघोळ, कपडे, गिझरला जाणाऱ्या चार-पाचशे लिटरचा दुसरा. आणि दर्यापूरचा तिसरा, तो तर पूर्ण वेगळ्या पाण्याचा आहे. आरओने गिझर वाचत नाही आणि सॉफ्टनरने जंतू मरत नाहीत. एका मशीनमध्ये सगळं उरकायला गेलं की पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

आधी त्या तपकिरी गाळाचं सांगतो, कारण घाबरून घेतलेला निर्णय हमखास चुकतो. त्या यंत्रात एका बाजूच्या सळ्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो गाळ तुमच्या पाण्यातला नाही, त्या सळीचा आहे. शेजारच्या ग्लासातलं आरओचं पाणी स्वच्छ राहतं, कारण त्यात क्षार कमी असल्याने वीज नीट वाहतच नाही. पुढच्या वेळी त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावायला सांगा. तोही ग्लास तपकिरी होईल.

टीडीएस मीटर खोटं बोलत नाही, पण तो एकच गोष्ट सांगतो: पाण्यात विरघळलेले क्षार साधारण किती. ते कॅल्शियमचे आहेत की मिठाचे, की ड्रेनेज झिरपून आलेल्या नायट्रेटचे, हे त्याला कळत नाही. जंतूंचं तर काहीच कळत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले तेव्हा त्यातले बरेच सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागातले होते आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. असं पाणी मीटरवर दीडशे दाखवून अगदी 'गोड' लागू शकतं. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं आहे. म्हणजे तुमचे ६४० विष नाहीत. ई-कोलायला, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूला, मात्र १०० मिलीत शून्याशिवाय दुसरा आकडा नाही, आणि नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर कसलीही सूट नाही.

म्हणून मशीनच्या आधी तपासणी. स्वयंपाकघरात महापालिकेच्या पाण्याचा वेगळा नळ आहे का, ते आधी बघा. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत पिण्याची लाईन वेगळी असते आणि घरातल्यांनाच ते माहीत नसतं. तसा नळ असेल आणि त्याचा टीडीएस वर्षभर १५०-२०० च्या आत असेल, तर आरओचा विचार सोडून द्या. धरणाचं पाणी मुळात हलकं असतं. त्यातले उरलेसुरले क्षार काढून, वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडण्यात काही अर्थ नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या आत टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणायला पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते याच कारणाने.

वेगळा नळ नसेल तर नमुना दोनदा द्या: एकदा एप्रिल-मेमध्ये, टँकर आणि बोअर जोरात असताना, आणि एकदा पावसाळ्यात. उन्हाळ्यात क्षार जास्त असतात, पावसाळ्यात गढूळपणा आणि जंतू. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा चालेल, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळाही आहेत. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि पाण्यातला क्लोरीन मारायला तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाची जाळी काढा, तोटी स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. टीडीएस, पीएच, गढूळपणा, एकूण कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, कोलिफॉर्म आणि ई-कोलाय एवढं मागा.

आता रिपोर्ट हातात आला असं धरू. माझा क्रम असा असतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर आरओ घ्यायचं, मग टीडीएस कितीही कमी असो. ते ठीक असेल, टीडीएस वर्षातला बराच काळ ५०० च्या आत आणि कठीणपणा २०० च्या आसपास असेल, तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) आणि यूएफ (जंतू अडवणारी, पण क्षार न काढणारी बारीक गाळणी) असलेलं मशीन पुरे. टीडीएस ५०० ते ८०० च्या मधे झुलत असेल, जसं तुमचं बहुधा आहे, तर उत्तर चवीवर आणि कठीणपणावर ठरतं. कठीणपणा ४०० च्या वर गेला की डाळ शिजायला वेळ लागतो, चहावर तवंग येतो आणि यूव्हीच्या काचेच्या नळीवर थर बसून दिवा आतून झाकला जातो. दिवा जळताना दिसतो, पण किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. अशा पाण्याला मी आरओच सांगतो. मिश्र टाकीत आज काय आलं हे कुणालाच माहीत नसतं, हेही त्यामागचं एक कारण.

आरओ घ्यायचं ठरलं तर स्टेज मोजू नका. लागणारे भाग इतकेच: बाहेर दहा इंची हाऊसिंगमध्ये ५ मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारा धाग्याचा फिल्टर), आत सेडिमेंट, कार्बन, पंप, ७५ किंवा ८० जीपीडीचा (दिवसाला तेवढे गॅलन पाणी देणारा) मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, त्यानंतर यूव्ही किंवा यूएफ, आणि टाकी. कॉपर, झिंक, अल्कलाइनच्या कार्ट्रिज हे किंमत वाढवायचे डबे आहेत. त्यापेक्षा खोलता-धुता येणारी स्टीलची टाकी आणि बाजारात सहज मिळणारे फिल्टर असलेलं मशीन घ्या. काही कंपन्यांचे फिल्टर फक्त त्यांचेच बसतात आणि दुसऱ्या वर्षापासून खर्चाची चावी त्यांच्या हातात जाते. आरओसाठी आयएस १६२४० हे मानक आहे, खोक्यावर ते शोधा.

पाणी किती वाया जातं, यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ७५ जीपीडीचा मेम्ब्रेन चांगल्या दाबाला मिनिटाला सुमारे २०० मिली शुद्ध पाणी देतो. त्याच्यामागे सांडपाण्याच्या नळीत एक बारीक फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, तो वाया जाणारं पाणी आवरून दाब धरतो. त्यावर ४५० लिहिलं असेल तर मिनिटाला साधारण ४५० मिली पाणी मोरीत जातं. म्हणजे सुमारे तीस टक्के पाणी हाती लागतं. काहीजण 'पाणी वाचवायला' हा आकडा कमी करून देतात, आणि तिथेच घात होतो. कठीणपणा ४०० असलेल्या पाण्यातलं तीस टक्के काढून घेतलं तर मागे राहिलेल्या पाण्याचा कठीणपणा ५७० च्या आसपास जातो. साठ टक्के काढलं तर तो १००० होतो. तेवढा चुना मेम्ब्रेनवरच बसतो आणि तीन वर्षं चालणारा मेम्ब्रेन वर्षाच्या आत दगड होतो. जास्त रिकव्हरीचं, म्हणजे कमी पाणी वाया घालवणारं, मशीन घ्यायचंच असेल तर त्याच्याआधी सॉफ्टनर हवा. मोरीत जाणारं पाणी बादलीत धरा: लादी पुसायला, संडासात, खरकटी भांडी भिजवायला उत्तम. तुळशीला आणि कुंड्यांना रोज घालू नका, क्षार मातीत साठत जातात.

मशीनची तब्येत घरीच बघता येते. टाकी अर्धी रिकामी करा, पंप सुरू झाला की शुद्ध पाण्याची आणि सांडपाण्याची अशा दोन्ही नळ्या एकेका मापाच्या भांड्यात एक मिनिट धरा. शुद्ध १५०-२०० आणि वाया ४५० च्या आसपास असेल तर ठीक. शुद्ध ७०-८० वर आलं असेल तर मेम्ब्रेन चोकला, स्पन भरला किंवा पंप दाब देत नाही. वाया पाणी अचानक ७००-८०० झालं असेल तर रिस्ट्रिक्टर गेला आणि दाबच बनत नाही. मग टीडीएस बघा. आत ६४० आणि बाहेर ६० म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर अडवणूक, मेम्ब्रेन उत्तम. हाच आकडा बाहेर १५० च्या पुढे सरकला की बदलायची वेळ आली. हे मोजताना टीडीएस अ‍ॅडजस्टर पूर्ण बंद हवा, नाहीतर चांगल्या मेम्ब्रेनला उगाच बदनाम कराल.

त्या अ‍ॅडजस्टरबद्दल नीट समजून घ्या. चव यावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात सोडतो. बाहेरचा टीडीएस ८० ते १५० ठेवला तर चव चांगली लागते. पण ते बाजूने आलेलं पाणी मेम्ब्रेनमधून गेलेलं नसतं, म्हणून ते यूएफ किंवा यूव्हीमधूनच पुढे गेलं पाहिजे. बसवणाऱ्याला नळी बोटाने दाखवायला सांगा. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर अ‍ॅडजस्टर बंदच ठेवा, कारण जे काढायला मशीन घेतलं तेच परत मिसळाल.

देखभालीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे बाहेरचा स्पन. टँकरच्या पाण्यावर तो दोन-तीन महिन्यांत पिवळा-तपकिरी होतो. घासून परत लावू नका, आतली मळी निघत नाही. कार्बन सहा महिने ते वर्षाने बदला. टँकरवाले कधीकधी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मूठभर जास्त टाकतात आणि तो क्लोरीन मेम्ब्रेनला खातो. त्याला अडवायचं काम कार्बनचं. त्यामुळे कार्बन चुकवणं म्हणजे मेम्ब्रेनचा खर्च ओढवून घेणं. यूव्हीचा दिवा वर्षाने बदला, जळत असला तरी, कारण जंतू मारण्याची ताकद डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाआधी संपते. क्लोरीन निघून गेलेलं पाणी टाकीत साठतं, म्हणून चार-पाच दिवस घर बंद असेल तर आल्यावर टाकीभर पाणी सोडून द्या. जाताना अँगल कॉक बंद करून जा. प्रेशर पंप असलेल्या इमारतीत रात्री दाब वाढून पातळ नळी निसटली की स्वयंपाकघरात पाणीच पाणी होतं. दाब तीन किलोच्या वर जात असेल तर आधी प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवा. उलट तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल आणि टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर असेल, तर पंपाला पाणी कमी पडतं आणि तो घरघर करतो. बुकिंगआधीच हे मशीनवाल्याला सांगा. वर्षाचा खर्च साधारण तीन ते पाच हजार धरून चाला.

आता अंघोळीचं आणि गिझरचं पाणी. इथे त्रास कठीणपणाचा आहे, त्याला खरा उपाय रेझिनचा, म्हणजे बारीक मण्यांचा, सॉफ्टनर. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकतं आणि बदल्यात सोडियम सुटतं. टीडीएस कमी होत नाही, त्यामुळे मीटर लावून 'फरकच पडला नाही' म्हणू नका. फरक साबणाच्या फेसात दिसतो. एक लिटर रेझिन मिठाने एकदा ताजं केलं की साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं. तुमचा कठीणपणा ४०० धरला तर एका लिटर पाण्यात ०.४ ग्रॅम, म्हणजे एक लिटर रेझिन १२५ लिटर पाण्यातच दमलं. नळाला किंवा शॉवरला लावायच्या त्या छोट्या 'सॉफ्टनर'मध्ये जेमतेम अर्धा-एक लिटर काहीतरी असतं. चार माणसांच्या एका सकाळच्या अंघोळीत ते संपलं, पुढे तो नुसता शोभेचा डबा. ते घेऊ नका. पाइपभोवती बांधायचे चुंबक आणि तारा गुंडाळायची यंत्रंही नकोत. आधी आणि नंतरचा कठीणपणा प्रयोगशाळेत तपासा, तोच निघेल.

पूर्ण फ्लॅटला २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर बसवला तर तो सुमारे तीन हजार लिटर पाणी देईल. दिवसाला ५०० लिटरने सहा दिवस, आणि दर वेळी तीन-चार किलो मीठ. मशीन चांगलं, पण फ्लॅटमध्ये अडचण पाइपची असते. गच्चीच्या टाकीतून डक्टमध्ये स्वयंपाकघर, दोन बाथरूम आणि फ्लशच्या वेगवेगळ्या लाईन उतरतात, एका ठिकाणी अडवायला जागाच नसते. म्हणून पैसे भरण्याआधी प्लंबरला डक्टमध्ये उतरवून लाईन मोजायला लावा. फक्त गिझरच्या बाथरूमच्या लाईनवर बसवता येत असेल तर तेवढंच करा, फ्लशला मऊ पाणी कशाला? त्याहून चांगलं म्हणजे सोसायटीने पंपरूममध्ये फक्त बोअरच्या लाईनवर सॉफ्टनर लावणं. टँकर आणि महापालिकेचं तुलनेने हलकं पाणी कशाला त्यातून फिरवायचं? मीठ खूप वाचतं. सभेत हा विषय मांडताना रोजचं मीठ कोण भरणार हेही त्याच दिवशी ठरवा. असे बहुतेक प्लँट मीठ न भरल्यामुळे बंद पडतात. कचरा असलेलं जाडं मीठ वापरलं की इंजेक्टर (मिठाचं पाणी ओढून घेणारा भाग) चोक होतो, स्वच्छ मीठच घ्या.

घरात कुणाला बीपी असेल तर मऊ केलेलं पाणी थेट पिऊ नका, ४०० कठीणपणामागे लिटरला सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. आरओमधून गेलेलं चालेल, ते सोडियमही अडवतं.

सॉफ्टनर नाही जमला तर गिझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. पाणी जितकं तापेल तितका चुना जास्त बसतो. वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला. नळाच्या जाळ्या कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवल्या की थर सुटतो. केस गळण्याचं खापर सगळंच पाण्यावर फोडू नका. पाण्याने केस राठ होतात, मुळापासून गळत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दर्यापूरचं पाणी मात्र हेच मशीन उचलून नेण्यासारखं नाही. तो भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात भूजल मुळातच खारं आहे, आणि बोअर खोल नेलं म्हणून गोडं पाणी लागेलच असं नाही. घरगुती आरओ बहुतेक २००० टीडीएसपर्यंत चालतात. त्याच्या वर पाण्याचा स्वतःचा परासरण दाब (क्षारांमुळे पंपाला होणारा उलटा विरोध) वाढतो, छोटा पंप कमी पडतो, पाणी थेंब थेंब येतं आणि मेम्ब्रेन लवकर जातो. आधी नळयोजनेचं पाणी आणि बोअर दोन्हीचा टीडीएस आणि फ्लोराइड तपासा. नळयोजनेचं पाणी ठीक असेल तर त्याला साधं यूएफ, तेही वीज न लागणारं, पुरे. वयस्कर माणसांना पंप, अडॅप्टर, सर्व्हिसवाल्याची वाट यात अडकवू नका.

बोअरशिवाय पर्याय नसेल तर पिण्यापुरतं पावसाचं पाणी साठवणं मला त्या भागात आरओपेक्षा भरवशाचं वाटतं. २० बाय २५ फुटांचं पत्र्याचं छप्पर म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तरी वीस टक्के वाया धरून ३,७०० लिटर हाती लागतं. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला दहा-बारा लिटर लागतात. पावसाळा संपल्यावरचे आठ महिने म्हणजे २,४०० ते २,९०० लिटर, तीन हजारांची एक टाकी भागवते. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुवायला सोडून द्या. पन्हाळीच्या तोंडाशी जाळी, मग उभ्या पाइपचा एक आंधळा तुकडा ठेवा, म्हणजे दर पावसाचं पहिलं घाण पाणी त्यात अडकेल. तळाला त्याला बूच हवं, ते प्रत्येक पावसानंतर उघडून रिकामं करायचं. टाकी गडद रंगाची, झाकण घट्ट, ओव्हरफ्लोला डासांची जाळी. पिण्याचं पाणी काढताना पिंपात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचं, किंवा खळखळून उकळायचं. टाकीला तोटी तळापासून चार बोटं वर बसवा, म्हणजे बसलेला गाळ खालीच राहतो. पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात ती एकदा रिकामी करून घासून घ्यायची.